उतार आहे म्हणून सोपे आहे, असे छापू नका
बालीला गट नेणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना खुले पत्र

प्रति,
बालीच्या सहली काढणाऱ्या पर्यटन संस्थांचे चालक, सहल व्यवस्थापक आणि टूर लीडर

विषय : किंतामानी ते उबुद सायकल फेरी, तिचे ब्रेक आणि तिच्या वाटेवरची शेते

सप्रेम नमस्कार.

बालीच्या सहलपत्रकात एक ओळ बहुधा असतेच : डोंगरावरून भातशेतीतून सायकल फेरी, सगळा उतारच, पायडल मारायचीही गरज नाही, लहानथोर सर्वांना जमेल. फेरी सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो शेवटच्या तीन शब्दांशी. चढावर माणूस दमतो, थांबतो, खाली उतरून सायकल ढकलतो. चढ सहसा कोणाला पाडत नाही. पाडतो तो उतार, आणि तोही अशा माणसाला, ज्याने शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही आणि ज्याला तुमच्या पत्रकाने सांगितले आहे की यात काही करायचेच नाही.

आधी भूगोल. किंतामानी भागातले, बातुर ज्वालामुखीच्या कड्यावरचे पेनेलोकान गाव साधारण १,४५० मीटर उंचीवर आहे, उबुद साधारण २०० मीटरवर. फेऱ्या बहुतेक कड्याच्या थोड्या खालून सुटतात आणि २५ ते ३० किलोमीटरांत हजारेक मीटर खाली येतात. सरासरी काढली तर उतार चार टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि कागदावर तो अगदी गरीब दिसतो. पण दक्षिण बालीतल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात आणि त्यांनी ज्वालामुखीच्या मऊ थरांत खोल घळी पाडलेल्या आहेत. गावे, शेते आणि रस्ते या घळींमधल्या सोंडांवर. एकाच सोंडेवरून खाली आलात तर उतार एकसारखा मिळतो. एका सोंडेवरून दुसरीवर जायचे तर घळीत उतरा, अरुंद पूल ओलांडा, पुन्हा चढा. त्या उतरणीवर दहा-बारा टक्क्यांचा तुकडा, तळाशी वळण, वर झाडांची सावली आणि सावलीत सिमेंटवर धरलेले शेवाळ, असा सगळा योग एकाच जागी जुळून येतो. म्हणून स्थानिक संस्थेला ‘किती किलोमीटर’ हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला प्रश्न असा : वाटेत घळी किती ओलांडायच्या, आणि त्यांतल्या कोणत्या ठिकाणी लोकांना सायकलवरून उतरवून चालवता? दुसऱ्या भागाला ‘कुठेच नाही’ असे उत्तर आले तर त्या वाटेचा विचार तिथल्या कोणी केलेला नाही, असे समजा.

आता ब्रेक. ७५ किलोचा माणूस आणि १५ किलोची सायकल, एकूण ९० किलो, १०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ८८ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाव लिटर पाणी उकळीला आणायला एवढी पुरते. वेग जास्त असेल तर तिचा बराच वाटा वारा खातो. पण नवखा माणूस ताशी १५ किलोमीटरच्या वर जातच नाही, आणि एवढ्या वेगाला वारा थोडेच खातो. थोडे टायर खातात, बाकीचे सगळे ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. म्हणजे जितका घाबरट चालक, तितका ब्रेक तापतो. हजार मीटरच्या उतरणीत हे दहा वेळा होते. सकाळच्या फेरीनंतर तीच सायकल दुपारच्या गटाला दिली जात असेल तर दिवसाला वीस वेळा.

यातून पुढचे सगळे निघते. फेरीसाठी डिस्क ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती दोन पॅडांत आवळून थांबणाऱ्या, सायकली मागा. रिम ब्रेकवर, म्हणजे चाकाच्या कडीला रबर दाबणाऱ्या ब्रेकवर, कोरड्या दिवसात भागते, पण रिम ओली झाली की चाकाचे पहिले काही फेरे ब्रेक लागतच नाही, रबर आधी पाणी पुसते आणि मग पकडते. नवख्याला तेवढ्यात वाटते की ब्रेक गेला. तो लिव्हर जिवाच्या आकांताने दाबतो, आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक लागतो. डिस्कमध्ये दोन प्रकार असतात, तारेचे आणि तेलाचे. तारेच्या ब्रेकमध्ये पॅड झिजत गेले की लिव्हर हँडलच्या अधिकाधिक जवळ येतो. वर सुटताना नीट लागणारा ब्रेक खाली येईपर्यंत ढिला पडू शकतो, म्हणून अर्ध्या वाटेवर मार्गदर्शकाने प्रत्येक सायकलची तार लिव्हरजवळच्या नटावरून ताणून द्यायला हवी. सायकलमागे अर्धे मिनिट पुरते. तेलाच्या ब्रेकमध्ये पॅडची झीज आपोआप भरून निघते, त्यामुळे ते जास्त भरवशाचे. मात्र लिव्हर दाबताना स्पंजासारखा मऊ लागला तर आत हवा शिरलेली आहे. ती सायकल त्या दिवशी वापरायची नाही. हवा काढणे हे रस्त्याच्या कडेला करायचे काम नव्हे.

पॅडवरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की तो संपला असे उत्पादक सांगतात. या उतरणीसाठी आम्ही एक मिलिमीटरला बदला म्हणू, कारण राहिलेला अर्धा मिलिमीटर ओल्या, रेतीच्या दिवशी एका फेरीतही जाऊ शकतो. नवे पॅड बसवले की ती सायकल लगेच पाहुण्याला देऊ नये. सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा थांबवून पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात, तोवर ते अर्धेच पकडतात. आणि चेनला तेल देणाऱ्या पोराच्या हातून डिस्कवर दोन थेंब उडाले तर ब्रेक नुसता किंचाळतो, थांबवत नाही. भाड्याच्या सायकलींत हा दोष आम्हाला सर्वांत जास्त दिसतो आणि तो डोळ्यांनी दिसत नाही, ब्रेक दाबूनच कळतो.

तुमच्या टूर लीडरला सायकलीतले काही कळत नसले तरी सुटण्याआधी प्रत्येक सायकलवर ही तपासणी करता येईल. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला : मागचे चाक उचलले पाहिजे. मागचा दाबून ढकला : मागचे चाक न फिरता घासत गेले पाहिजे. दोन्ही लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलपासून निदान एक बोट अंतर उरले पाहिजे. पुढचे चाक उचलून त्यावर वरून थाप मारा, खडखडले तर चाकाच्या एक्सलची कळ सैल आहे. टायर अंगठ्याने दाबून पाहा. दोन इंची टायरात ३० ते ४० पीएसआय हवा या वाटेला योग्य. त्याहून खूप कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून एकदम दोन भोके पडतात, खूप जास्त असेल तर शेवाळावर पकड राहत नाही. शेवटी हँडल धरून, पुढचे चाक गुडघ्यांत आवळून पिरगाळून पाहा. हँडल सरकले तर चार किंवा पाच मिलिमीटरच्या षट्कोनी चावीने आवळायला सांगा. सरावानंतर एका सायकलीला दोन मिनिटांहून जास्त लागत नाहीत. आठ सायकलींना पाव तास, आणि तेवढ्या वेळात लोकांचा चहा होतोच.

एक बारकावा आपल्याकडच्या लोकांना विशेष नडतो. भारतातल्या सायकलींत पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो आणि स्कूटरवरही उजवा हातच पुढच्या चाकाचा. भाड्याच्या माउंटन बाइकवर तो डाव्या हाताला असू शकतो, आणि एकाच संस्थेच्या ताफ्यात दोन्ही प्रकार सापडतात. ज्याचा हात सवयीने ‘मागचा’ म्हणून डावीकडे आवळला जातो, तो उतारावर हँडलवरून पुढे जातो. सुटण्याआधी प्रत्येकाला आपापल्या सायकलीवर पुढचा ब्रेक कोणता ते हाताने दाखवायला लावा, तोंडी विचारू नका. तोंडी सगळे ‘हो’च म्हणतात.

ब्रेक लावायची रीत पाच मिनिटांत शिकवता येते, पण ती शिकवली मात्र पाहिजे. दोन्ही ब्रेक एकदम, दोन-दोन बोटांनी. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात ब्रेक सोडायचा. अखंड धरून ठेवायचा नाही : थोडा जोरात, मग मोकळा, पुन्हा थोडा जोरात. बसणे सीटच्या मागच्या कडेला, पायडल आडवे, कोपर सैल. सीट नेहमीपेक्षा दोन-तीन बोटे खाली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी. हे पायडल मारायला वाईट, पण इथे पायडल मारायचेच नाही, असे तुम्हीच छापले आहे. दर तीन-चार किलोमीटरला पाच मिनिटे थांबा. डिस्क निवते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हातांना विसावा मिळतो. तासभर लिव्हर दाबून साठीच्या माणसाच्या पंजाला गोळे येतात, ब्रेक शाबूत असूनही तो दाबायला ताकद उरत नाही. थांबल्यावर डिस्कला कोणी बोट लावू नये, मुलांनी तर नाहीच. कातडी भाजते.

आणि परीक्षा घ्या. मोकळ्या सपाट जागी दोनशे मीटर चालवायला लावा : आखलेल्या रेषेवर थांबणे, मागे वळून पाहून सरळ रेषेत राहणे, चालण्याच्या वेगाने दहा मीटर जाणे. ज्याला रेषेवर थांबता येत नाही तो गाडीतून खाली येईल. हे सहल सुरू होण्याआधी, आरक्षणाच्या वेळीच, लेखी सांगून ठेवा. तिथे चाळीस जणांसमोर सांगितले तर माणूस हट्टाला पेटतो आणि घरचे त्याला आणखी चढवतात.

सायकलीचे माप हा विषय टाळला जातो, कारण ताफा एकाच मापाचा असतो. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईला मोठी फ्रेम दिली की थांबताना तिचा पाय जमिनीला पोचत नाही, ती आडवी होते, आणि दोष तिच्या उंचीला दिला जातो. आरक्षणाच्या अर्जात वयाशेजारी उंचीचा रकाना घाला. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना २४ इंची चाकाची सायकल लागते. ब्रेकचा लिव्हर त्यांच्या बोटांच्या आवाक्यात आणायला लिव्हरवरच एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याहून लहान मुलांना या उतारावर सायकल नको, मागच्या सीटवरही नको. कपड्यांचे थोडक्यात : ओढणी गाडीत ठेवावी, सैल सलवारीचा किंवा पँटचा उजवा पाय रबराने बांधावा, पायांत मागून बंद असलेले काहीतरी असावे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जाईल इतका घट्ट. टोपीवर हेल्मेट चढवले तर ते सरकते.

गटाचा आकडा. बस चाळिसांची असते म्हणून फेरीही चाळिसांची करू नका. ताशी २० किलोमीटरला, दचकण्याचा दीड सेकंद धरून, कोरड्या सपाट रस्त्यावर थांबायला चौदाएक मीटर लागतात, ताशी ३० ला चोवीसच्या आसपास. उतारावर आणि ओल्यात त्याहून जास्त. चाळीस जण नुसते दहा-दहा मीटरवर ठेवले तरी रांग चारशे मीटर लांब होते. गल्लीच्या तोंडाशी गावातली बाई स्कूटरवर भाजी घेऊन उभी, तिला ही रांग संपेपर्यंत वाट पाहावी लागते. आठ पाहुणे, एक मार्गदर्शक पुढे, एक सगळ्यांत मागे, आणि त्यामागे एक जादा सायकल व प्रथमोपचार पेटी असलेली गाडी, हे प्रमाण आम्हाला योग्य वाटते. पुढच्याला कोणी ओलांडायचे नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. दोन गटांत पंधरा मिनिटांचे अंतर. चाळिसांना पाच गट लागतील, पहिला आणि शेवटचा यांत तासाचा फरक पडेल, आणि हो, खर्च वाढेल. एवढे करायचे नसेल तर चाळिसांसाठी ही फेरी ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता शेताकडे. इथे सहलीच्या पत्रकांत फक्त ‘हिरवीगार पायऱ्यांची शेती’ असते, आणि जे पाहायचे ते राहून जाते.

सुबाक ही एकाच पाण्यावर भिजणाऱ्या खाचरांच्या मालकांची संघटना. नदीला बंधारा, तिथून पाट, काही ठिकाणी डोंगरातून खोदलेले बोगदे, आणि वाटणीच्या जागी तेंबुकु म्हणजे ओंडक्यात किंवा आता सिमेंटमध्ये पाडलेल्या खाचा. ज्याच्या वाट्याची खाच जितकी रुंद तितके त्याला पाणी. सुबाकच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात. पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही : बंधारा, पाट, पाटकरी, आणि कोणत्या फडात काय पिकवायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवणे. बालीत या वेळापत्रकाला मंदिरांची जोड आहे. कोणत्या शिवाराने कधी लावणी करायची आणि कधी पड ठेवायचे ते पाण्याच्या देवळांच्या पूजाक्रमातून चालते. सर्वांत वरचे देऊळ पुरा उलुन दानू बातुर. १९२६ च्या उद्रेकात लाव्ह्याने गाव गिळल्यावर ते खालून कड्यावर हलवले गेले. तुमची बस न्याहारीला थांबते तिथून ते जवळच आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नोंदवली ती ही व्यवस्था, नुसती पायऱ्यांची शेते नव्हेत.

ही नुसती पूजाअर्चा म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. सत्तरच्या दशकात जास्त उत्पादनाच्या वाणांबरोबर ज्याला जमेल तसे सतत भात घ्यावे असा सरकारी आग्रह आला. शेजारची शिवारे एकाच वेळी पड राहीनाशी झाली, तुडतुडे आणि टुंग्रो रोग यांना बारमाही चारा मिळाला, पाण्याची ओढाताण झाली. देवळांचे वेळापत्रक हे कीड आणि पाणी दोन्ही आवरण्याचे साधन होते, हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पुढे अभ्यासून दाखवले. तुमच्या गटांत निम्मे लोक शेतकरी घरांतले असतात. वाण कोणता, किती दिवसांचा, पाणी कधी तोडता, हे प्रश्न ते विचारणारच. मार्गदर्शक त्यांना झोपाळ्यावर बसवून फोटो काढतो. स्थानिक संस्थेला आधी कळवा की गटाला एक तेंबुकु दाखवा, आणि शक्य असेल तर अर्धा तास पेकासेहशी बोलणे ठरवा, त्याचा मोबदला देऊन.

बांधावर सायकल घालू नये. फोटोंत ती छान दिसते, पण खाचराचा बांध हातभर रुंदीचा, चिखलाने लिंपलेला असतो. चाकाने त्याची कड ढासळली की वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते. लावणीला आठवडाही झाला नसेल तर खालची रोपे तरंगू लागतात, वरच्यातले खत वाहून जाते, आणि मालकाला कुदळ घेऊन बांध पुन्हा घालावा लागतो. तोवर सायकल उबुदला जेवत असते. शेतातून जाणाऱ्या मीटर-दीड मीटर रुंदीच्या सिमेंटच्या वाटांवरूनच जावे. त्या वाटासुद्धा शेतकऱ्यांच्या कामासाठी आहेत. गवताचा भारा किंवा भाताची पोती घेऊन स्कूटर आली तर आपण उतरून पाटाच्या उलट बाजूला उभे राहायचे, कारण वाटेची कड पाटात पडते आणि घाईत मागे सरकणारा माणूसही. कापणीनंतर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर भात वाळत घातलेले असते, त्यावरून चाक जाऊ नये, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पर्यटकाकडून १,५०,००० रुपिया घेतो. तो कर प्रांताला जातो, त्याने कोणाच्या खाचरात उतरण्याचा हक्क मिळत नाही.

हिरवे रान मिळेलच अशी हमीही छापू नका. बालीत वर्षाला दोन-तीन पिके निघतात, त्यामुळे एकाच सकाळी चिखलणी, लावणी, पिवळी लोंबी आणि बदके सोडलेले रिकामे खाचर असे सगळे दिसते. पाहणाऱ्याला ते जास्त चांगले आहे, फक्त तसे आधी सांगितले पाहिजे.

घराची भेट. बालीचे घर म्हणजे भिंतीच्या आत वेगवेगळ्या छपरांची वस्ती : दारातून आत शिरताच समोर आडवी भिंत, ईशान्येला घराचे देवघर, एका बाजूला स्वयंपाकघर, कुठे धान्याचे कोठार. एकाच घरी रोज तीन-चार गट नेले की त्या घराचे घरपण जाते आणि शेजाऱ्यांच्या मनात अढी बसते. घरे आळीपाळीने बदलावीत आणि घराला किती पैसे जातात ते करारात लिहून घ्यावे. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. उंबऱ्याशी, रस्त्यावर, पुलावर नारळाच्या कोवळ्या पानाच्या छोट्या द्रोणात फुले आणि उदबत्ती ठेवलेली दिसते. ते चानांग सारी, सकाळचा नैवेद्य. ओलांडायचे नाही, चाकाखाली घ्यायचे नाही.

आपणही हिंदू, मग आपल्याला कोण अडवणार, ही समजूत गटाच्या मनातून विमानातच काढून टाका. तिथला नमस्कार ‘ओम स्वस्त्यस्तु’ असा आहे आणि तो ऐकून आपली माणसे हरखतात, पण देवळाची रीत वेगळी आहे. सर्वांत आतले अंगण पूजा करणाऱ्यांसाठी असते, आत आपल्यासारखी मूर्ती शोधली तर बहुधा रिकामे आसनच दिसते, आणि सारोंग व कमरेचा शेला बांधल्याशिवाय प्रवेश नाही. रक्ताचा विटाळही ते पाळतात. पाळीबद्दलचे फलक सर्वांना दिसतात. पण तोच नियम वाहत्या जखमेलाही आहे. वाटेत पडून गुडघा फुटलेल्या माणसाने पुढच्या देवळात जायचे नसते. हे मार्गदर्शकाने हलक्या आवाजात, ज्याचे त्याला सांगावे.

तारखा ठरवताना इंग्रजी कॅलेंडरवर विसंबू नका. गालुंगान आणि दहा दिवसांनी येणारे कुनिंगान हे सण २१० दिवसांच्या चक्राने येतात, गावागावांच्या देवळांचे उत्सवही बहुधा त्याच चक्रावर. पेंजोर, म्हणजे सजवलेले उंच, वाकलेले बांबू, रस्त्यावर झुकलेले दिसले की सण आहे असे समजावे. मिरवणूक आली तर सर्वांनी उतरून डावीकडे थांबायचे. घंटी नाही, मधून वाट काढणे नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसलेला पेचालांग, म्हणजे गावाचा राखणदार, थांबा म्हणाला की तो शेवटचा शब्द. न्येपीच्या, म्हणजे बालीच्या मौनाच्या, दिवशी तर विमानतळही चोवीस तास बंद असतो आणि हॉटेलबाहेर पडता येत नाही. आदल्या संध्याकाळी राक्षसांच्या मिरवणुकांनी रस्ते अडतात. त्या दोन्ही दिवशी फेरी ठेवू नका.

कुत्री. बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि गावोगाव मोकळी कुत्री आहेत. कुत्रे अंगावर आले तर वेग वाढवू नये. थांबावे, उतरावे, सायकल मध्ये धरावी. चावले किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखान्यात जायचे, सहल संपेपर्यंत थांबायचे नाही. गाडीत साबण आणि पाच लिटर साधे पाणी फक्त यासाठी वेगळे असावे. भातखाचराच्या चिखलात उघडी जखम घेऊन उतरू नये. लेप्टोची भीती पावसाळ्यात आपल्याला जशी, तशीच तिथेही. विमा काढताना सायकल सफर त्यात धरली आहे का ते शब्दशः वाचा. पुष्कळ पॉलिसी ‘साहसी खेळ’ वगळतात आणि डोंगर उतरणे त्यात मोडते की नाही हा वाद हाडे मोडल्यावर घालण्यात अर्थ नसतो.

जेवणाबद्दल एवढेच की ‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नका. भाजीतले साम्बाल बहुधा तेरासी म्हणजे कोळंबीच्या खारवलेल्या लगद्याने केलेले असते, आणि पापड समजून खाल्ला जातो तो कृपुक अनेकदा कोळंबीचाच. आदल्या दिवशी कळवा : तेरासी नको, मासळीचा सॉस नको, अंडे नको. तेंपे आणि ताहू, म्हणजे सोयाबीनची वडी आणि पनीर, सगळीकडे मिळतात.

वेळ कुठून आणायचा? आमचे उत्तर : कोपी लुवाकचा थांबा काढून टाका. पिंजऱ्यात कोंडलेली उदमांजरे पाहायला आणि त्यांच्या विष्ठेतून निघालेली महागडी कॉफी विकत घ्यायला पाऊण तास जातो. तो थांबा असतो दलालीसाठी, पाहुण्यांसाठी नव्हे. तोच पाऊण तास ब्रेक तपासायला, परीक्षेला आणि पाटावर उभे राहायला पुरतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून सकाळी सहाला निघा, म्हणजे साडेनऊच्या आत सायकलवर बसाल आणि दुपारच्या आत खाली याल. नोव्हेंबर ते मार्च पाऊस बहुतेक दुपारी पडतो. पाऊस लागलाच तर सगळ्यांनी गाडीत बसायचे, आणि फेरी अर्धवट सोडली म्हणून मार्गदर्शकाचा मेहनताना कापायचा नाही. तो कापला जातो म्हणूनच भर पावसात गट खाली आणले जातात.

ज्या गटात निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत त्यांच्यासाठी डोंगराचा नाद सोडून ताबानानमधल्या जातिलुवीहच्या सिमेंटच्या वाटांवर आठ किलोमीटर फिरवा. शेते तीच, किंबहुना अधिक देखणी, आणि सोबत लाल तांदळाचा देशी वाण, जो पाच-सहा महिने रानात उभा असतो. चढ आला तर उतरून चालता येते.

आणि पत्रकातली ती ओळ. तिच्या जागी एवढे छापले तरी चालेल : ‘डोंगरउताराची २५ किलोमीटर सायकल फेरी. वाटेत तीव्र उतार आणि वळणे. सायकल नियमित चालवणाऱ्यांसाठी. सुटण्याआधी चाचणी होईल. ज्यांना चालवायची नाही त्यांच्यासाठी सोबत गाडी आहे आणि तिलाही तीच शेते दिसतात.’

आपले,
बालीच्या सायकल वाटा आणि त्यांवरच्या सायकली जवळून ओळखणारे काही जण